फादर सेक्की यांची पांढरी तबकडी

२० एप्रिल १८६५ या दिवशी रोमजवळच्या चिव्हितावेक्या बंदराबाहेर भूमध्य समुद्रात एक बाष्पनौका उभी होती. तिचे नाव 'इमाकोलाता कोन्चेत्सिओने', म्हणजे 'निष्कलंक गर्भसंभव'. परमगुरू नववे पायस यांच्या छोट्याशा आरमारातील ही नौका. नौकेच्या कठड्यापाशी काळा झगा घातलेले, सेहेचाळीस वर्षांचे एक येशूसंघीय धर्मगुरू वाकून पाण्यात पाहत होते. दोरीला बांधलेली एक पांढरी तबकडी हळूहळू खाली सोडली जात होती. पांढरा रंग प्रथम हिरवट झाला, मग निळसर झाला, आणि एका क्षणी तबकडी दिसेनाशी झाली. दोरी किती खाली गेली ते मोजले गेले व वहीत आकडा लिहिला गेला. तबकडी वर ओढताना ती पुन्हा केव्हा दिसू लागली तेही टिपून घेतले गेले.

ते धर्मगुरू म्हणजे फादर आंजेलो सेक्की. त्या दिवशीच्या प्रयोगाला आता एकशेसाठ वर्षे उलटून गेली आहेत. जगातील महासागरांवर आणि तळ्यांवर संशोधक आजही तशीच पांढरी तबकडी पाण्यात सोडतात आणि तिला 'सेक्की तबकडी' असेच म्हणतात. समुद्रातील डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा अभ्यास आज महासागराच्या भवितव्याशी जोडला गेला आहे. या अभ्यासाच्या इतिहासात एका धर्मगुरूची ही साधीसुधी तबकडी वारंवार समोर येते. ती हकीकत आपल्या वाचकांपुढे, विशेषतः समुद्रावर पोट असलेल्या आपल्या कुटुंबांपुढे, मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

वेधशाळेतील धर्मगुरू

आंजेलो सेक्की यांचा जन्म १८१८ साली उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या नगरात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८३३ साली, ते येशूसंघात दाखल झाले आणि १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला व येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. तरुण फादर सेक्की प्रथम इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट येथे आणि तेथून अमेरिकेतील जॉर्जटाऊन येथे गेले. वॉशिंग्टनमध्ये त्यांचा परिचय मॅथ्यू मॉरी यांच्याशी झाला. वारे आणि सागरी प्रवाह यांच्या नोंदी जगभरच्या नाविकांकडून गोळा करणारा हा माणूस सागरविज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानला जातो. हद्दपारीतही देव माणसाला काही शिकवतो, ते असे.

१८४९ साली रोमला परतल्यावर फादर सेक्की यांच्याकडे रोमन कॉलेजच्या वेधशाळेची धुरा आली. संत इग्नाती यांच्या चर्चच्या भक्कम खांबांवर त्यांनी नवी वेधशाळा उभारली. ज्या छपराखाली मिस्साबली अर्पण होई, त्याच छपरावरून रात्री ताऱ्यांचा प्रकाश तपासला जाई. चार हजारांच्या आसपास ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांनी ताऱ्यांची वर्गवारी केली, आणि त्यामुळे खगोलशास्त्रात त्यांचे नाव कायम झाले. हवामानाच्या नोंदी आपोआप टिपणारे त्यांचे यंत्र १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गौरविले गेले.

१८७० साली रोम इटलीच्या राज्यात सामील झाले आणि १८७३ साली रोमन कॉलेज येशूसंघाच्या हातून गेले. फादर सेक्की यांनी परमगुरूंवरची आपली निष्ठा लपवली नाही. नव्या सरकारलाही त्यांना वेधशाळेतून हलवणे प्रशस्त वाटले नाही. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी मृत्यू येईपर्यंत ते तेथेच काम करीत राहिले. अशा या आकाशाच्या अभ्यासकाला समुद्रावर बोलावले ते परमगुरूंच्या आरमाराचे अधिकारी आलेस्सांद्रो चाल्दी यांनी. लाटा आणि समुद्रतळ यांचा अभ्यास चाल्दी करीत होते. समुद्राचे पाणी किती खोलवर पारदर्शक असते हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता.

पाण्यात पांढरी वस्तू सोडून पारदर्शकता पाहण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. रशियन नाविक ओटो फॉन कोत्सेबू यांनी १८१५ ते १८१८ या काळातील आपल्या सफरीत पांढरी थाळी आणि लाल कापड पाण्यात सोडून पाहिले होते. फादर सेक्की यांचे वैशिष्ट्य त्यांच्या शिस्तीत आहे. त्यांनी लहानमोठ्या तबकड्या वापरल्या. एक होती अवघी ४३ सेंटिमीटर व्यासाची, तर सर्वांत मोठी साडेतीन मीटरांहून अधिक व्यासाची होती. सूर्य डोक्यावर असताना आणि कललेला असताना, आभाळ निरभ्र असताना आणि ढगाळ असताना, नौकेच्या सावलीत आणि सावलीबाहेर, पांढरी तबकडी आणि रंगीत तबकडी, अशा सर्व परिस्थितींत त्यांनी तोच प्रयोग पुनःपुन्हा केला आणि प्रत्येक वेळची परिस्थिती आकड्याशेजारी लिहून ठेवली. हा अहवाल १८६६ साली चाल्दी यांच्या ग्रंथात समाविष्ट झाला.

तबकडी दिसेनाशी का होते? पाणी स्वतः प्रकाश शोषते हे एक कारण, पाण्यातील गाळ हे दुसरे. तिसऱ्या कारणाचे खरे माहात्म्य त्या काळी कोणालाच उमगले नव्हते. खुल्या समुद्रात सूर्यप्रकाशाची वाट अडवणारे मुख्यतः सजीव असतात. कोट्यवधी सूक्ष्म हरितजीव पाण्यात तरंगत असतात आणि प्रकाश टिपून घेतात. फादर सेक्की यांच्या तबकडीने त्यांची सावली मोजली होती.

जाळ्यातून निसटलेले

या जीवांची पहिली ओळख त्याआधी दोनशे वर्षे झाली होती. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी आन्तोनी लेवेनहूक यांना स्वतः घासलेल्या भिंगांतून जग न्याहाळण्याचा छंद होता. त्यांच्याच गावातील कॅथलिक वैद्य रेनिएर द ग्राफ यांनी १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या अप्रसिद्ध माणसाच्या भिंगांकडे लक्ष वेधले. त्यानंतर काही महिन्यांतच द ग्राफ यांचे अकाली निधन झाले. १६७६ साली लेवेनहूक यांनी सोसायटीला जे प्रसिद्ध पत्र पाठवले, त्यात पावसाचे, विहिरीचे आणि समुद्राचेही पाणी तपासून त्यांत दिसलेल्या चिमुकल्या जीवांचे वर्णन होते.

तरीही समुद्राच्या व्यवहारात या जीवांना काही स्थान असेल असे फार काळ कोणाच्या मनात आले नाही. १८३९ ते १८४३ या काळात जेम्स रॉस यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर सामील होते. तेथील बर्फाला तपकिरी छटा देणारे डायटम त्यांनी पाहिले. डायटम म्हणजे काचेसारख्या कवचात राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. जेथे गवताचे पातेही उगवत नाही, तेथे सागरी प्राण्यांचे पोषण अखेर या वनस्पतींवर होते, हे हूकर यांनी ओळखले. जमिनीवर गवताचे जे काम, ते समुद्रात या जीवांचे.

शास्त्राच्या या वाटचालीत ठेचाही लागल्या. १८६८ साली थॉमस हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाला समुद्रतळाच्या जुन्या चिखलात एक चिकट पदार्थ आढळला. अवघ्या सागरतळावर पसरलेले हे आद्य जीवद्रव्य असावे असे समजून त्यांनी त्याला 'बॅथिबियस' असे भारदस्त नाव दिले. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नौका जगाची सागरप्रदक्षिणा करीत होती. तिच्यावरील रसायनतज्ज्ञ जॉन ब्युकॅनन यांनी दाखवून दिले की, नमुने टिकवण्यासाठी बाटलीत ओतलेल्या मद्यार्कामुळे समुद्राच्या पाण्यातील चुन्याचा एक क्षार साकळतो आणि तोच हा पदार्थ! हक्सली यांनी १८७५ साली आपली चूक जाहीरपणे मान्य केली. हक्सली हे धर्मसंस्थेचे कठोर टीकाकार होते, म्हणून या प्रसंगाचा वापर त्यांना हिणवण्यासाठी करण्याचा मोह होऊ शकतो. मला मात्र त्यात अनुकरणीय असे काही दिसते. पापनिवेदनासाठी आपण गुडघे टेकतो. चारचौघांत आणि छापील पानावर आपली चूक कबूल करण्याचे धैर्य आपल्यापैकी कितीजणांपाशी असते?

१८८७ साली कील येथील प्राध्यापक व्हिक्टर हेन्झेन यांनी पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या या जीवसृष्टीला 'प्लँक्टन' हे नाव दिले. आपण त्याला मराठीत प्लवक म्हणतो. समुद्र किती मासळी पोसू शकेल हे कळण्यासाठी समुद्राचे 'गवत' मोजले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १८८९ साली त्यांनी अटलांटिक महासागरात मोठी मोहीम नेली आणि रेशमी जाळ्यांनी प्लवक गोळा केले. तथापि हिशेब जुळेना. जाळ्यात आलेले 'गवत' त्यावर चरणाऱ्या प्राण्यांना पुरेसे वाटत नव्हते.

हे कोडे हेन्झेन यांचेच शिष्य हान्स लोमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. समुद्रात एक इवलासा प्राणी स्वतःभोवती चिकट द्रव्याचे घर विणतो आणि त्यातील गाळणीने पाणी गाळून अन्न मिळवतो. माणसाच्या कोणत्याही रेशमापेक्षा ही गाळणी बारीक असते. लोमान यांनी ती उघडून पाहिली, तेव्हा जाळ्यांतून निसटून गेलेले असंख्य सूक्ष्म जीव तिच्यात अडकलेले दिसले. आपल्याकडे जवळ्यासाठी किती बारीक विणीचे जाळे वापरतात हे कोळी बांधवांना ठाऊक आहे. तसल्या जाळ्यातूनही जे पाण्यासारखे निघून जाते, त्यावरच जवळा जगतो आणि जवळ्यावर बोंबील जगतो. पेत्राने रात्रभर श्रम करून जाळी रिकामी ओढली, त्या रात्रीही गालीलच्या सरोवरात जीवसृष्टी गच्च भरलेली होतीच. जाळी रिकामी होती, पाणी रिकामे नव्हते.

चमच्याभर पाण्यातील लोकसंख्या

पुढची अडचण जिवाणूंची होती. १८८९ च्या मोहिमेत बर्नहार्ड फिशर यांनी समुद्रातील जिवाणू पोषक द्रव्यावर वाढवून मोजले. पुढे अनेक दशके हीच पद्धत चालली. पण समुद्रातील बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या थाळीत वाढतच नाहीत! १९७७ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी अत्यंत बारीक छिद्रांच्या सपाट गाळणीवर समुद्राचे पाणी गाळले, जिवाणूंना चमकणारा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते थेट मोजले. एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू! म्हणजे चहाच्या चमच्याभर पाण्यात पन्नास लाख. थाळीवरच्या मोजणीत यांतील शंभरांमागे एकही सापडत नव्हता. १९८९ साली नॉर्वेतील संशोधकांनी विषाणूही मोजले. त्यांची संख्या जिवाणूंच्याही कितीतरी पट निघाली.

एवढी प्रजा समुद्रात करते तरी काय? १९७४ साली लॉरेन्स पॉमरॉय यांनी असा विचार मांडला की, समुद्रातील अन्नाचा मोठा वाटा मोठ्या प्राण्यांकडे न जाता या सूक्ष्मजीवांतूनच फिरतो. १९८३ साली लाहोरमध्ये जन्मलेले फारूख आझम आणि त्यांचे सहकारी यांनी या चक्राचे सुस्पष्ट वर्णन केले. वनस्पतींमधून झिरपलेले आणि मेलेल्या जीवांचे पाण्यात विरघळलेले द्रव्य दुसऱ्या कोणाच्या कामाचे नसते. जिवाणू ते वेचतात, जिवाणूंना त्यांच्याहून थोडे मोठे जीव खातात आणि अशा रीतीने वाया गेलेले पुन्हा अन्नसाखळीत येते. पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्याची प्रभूने केलेली आज्ञा मला येथे आठवते. समुद्रात तुकडे गोळा करण्याचे हे काम अखंड चालू आहे.

त्यानंतरचा शोध अधिकच विस्मयकारक होता. १९८५ च्या सुमारास सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी लेसर किरणांपुढून एकेक पेशी सोडून मोजणारे यंत्र नौकेवर नेले. यंत्रात अगदी फिकट लाल चमक दिसू लागली. प्रथम तो यंत्राचाच दोष वाटला. परंतु खोलीनुसार ती चमक नियमितपणे बदलत होती, आणि यंत्राचा दोष असा नियम पाळीत नाही. ते जीव होते. १९८८ साली त्यांचा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यांना 'प्रोक्लोरोकोकस' हे नाव मिळाले. एका मिलिमीटरच्या लांबीत दीड हजारांहून अधिक सहज मावतील इतका हा जीव लहान असतो. तरीही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जीवांत संख्येने तो पृथ्वीवर पहिला मानला जातो. ज्याला ही पृथ्वी आपल्या मालकीची वाटते, त्या मानवाला आपल्या या शेजाऱ्याचा पत्ता १९८८ पर्यंत नव्हता!

पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रातील हे जीव करतात. वजनाने मात्र ते पृथ्वीवरील सर्व वनस्पतींच्या शंभरांत एक भागही भरणार नाहीत. काही दिवसांतच ते जन्मतात, वाढतात आणि खाल्ले जातात. हवेतील कर्बवायू शोषून ते त्याचे अन्न करतात आणि मेल्यावर त्यांतील काही अंश तळाकडे बुडत जाऊन दीर्घकाळ तेथेच राहतो. हवेतील कर्बवायूचे प्रमाण ठरवण्यात या मूक कामाचा फार मोठा वाटा आहे.

तबकडी पुन्हा चर्चेत

कोळसा आणि तेल जाळून मानव जो कर्बवायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा महासागर शोषून घेतात. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भागही त्यांनीच पोटात घेतला आहे. याचा परिणाम उघड आहे. वरचा थर तापला की तो हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही. पोषक क्षार खालच्या पाण्यात असतात. मिसळण मंदावली की ते वर येत नाहीत आणि वरचे 'गवत' उपाशी राहते.

मग गेल्या शंभर वर्षांत हे 'गवत' खरोखर घटले आहे काय? उपग्रहांतून समुद्राचा रंग मोजण्याची सोय १९७८ नंतरची आणि सलग नोंदी १९९७ पासूनच्या. त्यापूर्वीचे पाणी कोणी पाहिले? येथे फादर सेक्की यांची तबकडी मदतीला आली. त्यांच्यानंतर असंख्य नौकांनी आणि नाविकांनी तबकडीचे आकडे लिहून ठेवले होते. कॅनडातील डॅनियल बॉइस, मार्लन ल्युइस आणि बोरिस वॉर्म यांनी १८९९ पासूनच्या अशा नोंदी हरितद्रव्याच्या मोजमापांशी जोडल्या. जवळजवळ साडेचार लाख नोंदींच्या आधारे २०१० साली त्यांनी निष्कर्ष काढला की, जगातील वनस्पती-प्लवक दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटत आहेत. वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले.

तथापि पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या. तबकडीने घेतलेले जुने आकडे आणि उपकरणांनी घेतलेले नवे आकडे एकाच मापात बसवताना घट नसतानाही घट दिसू शकते, असा त्यांचा आक्षेप होता. उत्तर अटलांटिकमध्ये १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या प्लवकनोंदणी यंत्राचे आकडे तर उलट वाढ दाखवत होते. मूळ संशोधकांनी आपली पद्धत सुधारून पुन्हा हिशेब मांडले. सगळ्या जगाचा एकच आकडा काढण्याबाबत आज अधिक सावधपणे बोलले जाते. वाढत्या उष्णतेचे परिणाम ठिकठिकाणी वेगवेगळे होतात, हे मात्र मान्य झाले आहे.

या वादात फादर सेक्की यांचा धडा मला महत्त्वाचा वाटतो. आकड्याशेजारी सूर्य कोठे होता, ढग होते की नाही, नौकेची सावली पडली होती काय, हे त्यांनी लिहून ठेवले, कारण परिस्थिती ठाऊक नसलेला आकडा नंतरच्या माणसाला फसवतो. दीडशे वर्षांनंतर नेमक्या याच मुद्द्यावर जगातील विद्वान भांडले. आपल्या हयातीत ज्याचा उपयोग दिसणार नाही, असे काम प्रामाणिकपणे करून ठेवणे हीदेखील एक साधना आहे.

आपला समुद्र

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण अरबी समुद्र या इतिहासात ठळकपणे उभा आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथील या संस्थेने आपल्या समुद्राचे जे रूप उलगडले, ते जगाच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारे आहे.

अरबी समुद्राला उत्तरेकडे जमिनीने अडवले आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खालचे पाणी वर येते, प्लवकांची भरभराट होते आणि मेलेले प्लवक खाली बुडतात. जिवाणू ते कुजवताना पाण्यातील प्राणवायू खर्च करतात. त्यामुळे साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत प्राणवायू अत्यल्प असलेला एक प्रचंड थर तयार झाला आहे. तेथील जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात आणि समुद्राचे खत हवेत वायुरूपाने परत धाडतात. जगाच्या खुल्या सागरात अशी मोठी क्षेत्रे तीनच आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या दारात आहे. २००० साली सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पावसाळ्याच्या अखेरीस असे प्राणवायुहीन पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही येते व तेथून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. तो थर नैसर्गिक आहे. परंतु जमिनीवरून वाहून येणारी खते आणि सांडपाणी त्याची तीव्रता वाढवीत असावीत, ही चिंता त्यांनी तेव्हाच व्यक्त केली होती.

या शतकाच्या आरंभापासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात एक नवे दृश्य दिसू लागले. जेथे पूर्वी डायटम बहरत, तेथे 'नोक्टिलुका' या जीवाचे हिरवे तवंग मैलोन्‌मैल पसरू लागले. नावाचा अर्थ 'रात्री उजळणारी'. लाटेने हलताच ती निळी चमकते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर निळ्या लाटा पाहायला लोकांनी गर्दी केली, तेव्हाही याच जीवाचे नाव घेतले गेले. दिसायला ती दिवाळीच! पण मासळीचे अन्न असलेल्या बारीक जीवांना नोक्टिलुका आवडत नाही. तिच्यावर ताव मारतात ते मुख्यतः जेलीसारखे प्राणी. प्राणवायूचे घटते प्रमाण तिला अनुकूल ठरते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते. इतर काही अभ्यासक पाण्याच्या थरांतील व क्षारांतील बदलांकडे बोट दाखवतात. हा वाद अजून चालू आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली असा निष्कर्ष मांडला की, पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती-प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले असावेत.

'मग समुद्रालाच औषध द्या' असेही काही जण म्हणाले. २००९ साली गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचा क्षार मिसळला. लोहामुळे प्लवक वाढतील, कर्बवायू शोषतील आणि मरून तळाशी जातील, ही अपेक्षा होती. प्लवक वाढले, पण तेथे डायटमच्या कवचाला लागणारे सिलिका नव्हते, म्हणून वाढले ते दुसरेच बारीक जीव. त्यांना प्राणी खाऊन गेले आणि तळाशी जवळजवळ काहीच पोहोचले नाही. संशोधकांनी हे प्रांजळपणे प्रसिद्ध केले. निर्मात्याने युगानुयुगे जुळवलेला संसार मूठभर लोहाने आपल्या सोयीने वळवता येत नाही, एवढे तरी त्यातून शिकावे.

आशीर्वाद आणि उत्तरदायित्व

आपल्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांत पावसाळ्याअखेर होड्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. पवित्र पाणी शिंपडताना वडीलधारी मंडळी हटकून विचारतात, "फादर, मासळी गेली कुठे?" याचे एकच उत्तर देणे लबाडीचे ठरेल. यांत्रिक नौकांची बेसुमार मासेमारी आहे, पिल्लेही न सोडणारी जाळी आहेत, खाड्यांत सोडलेले सांडपाणी आणि रसायने आहेत. त्यांत या अदृश्य जीवांच्या संसारात होत असलेली उलथापालथही आहे. ज्यांनी ही उष्णता वाढवली, त्यांत खोल समुद्रात रात्र काढणाऱ्या कोळ्याचा वाटा नगण्य आहे. झळ मात्र त्याच्याच घरात प्रथम पोहोचते. हा शास्त्राइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले, तेव्हा त्यात अनिर्बंध मासेमारीचा उल्लेख करताना प्लवकांचीही आठवण ठेवली. आपण ज्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष करतो, अशा या जीवांवर अखेर आपले अन्न अवलंबून आहे, असे त्यांनी बजावले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यात जीवजंतूंचे थवे निर्माण झाल्यावर देवाने ते चांगले आहे असे पाहिले. माणूस तेव्हा निर्माणही झाला नव्हता. आपल्या उपयोगी पडण्यापूर्वीच ते देवाच्या दृष्टीने चांगले होते.

समुद्र जितका नितळ आणि निळा तितका तो समृद्ध, अशी आपली समजूत असते. तबकडी उलट सांगते. जेथे ती फार खोलवर दिसत राहते, ते पाणी बहुधा वाळवंटासारखे असते. आपल्या किनाऱ्याजवळ तर खाड्यांच्या गाळामुळे ती थोड्याच अंतरात दिसेनाशी होईल आणि त्यावरून प्लवकांविषयी काही कळणार नाही. परंतु आपल्या ज्या होड्या किनाऱ्यापासून दूर, गाळ संपल्यानंतरच्या पाण्यात जातात, त्यांच्यावर हा प्रयोग सहज शक्य आहे. २०१३ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथून रिचर्ड कर्बी यांनी जगभरच्या नाविकांसाठी असाच उपक्रम सुरू केला. तीस सेंटिमीटरची पांढरी तबकडी, खाली एक वजन, खुणा केलेली दोरी आणि नोंद करण्याची शिस्त एवढेच भांडवल त्याला लागते.

१ सप्टेंबर हा दिवस २०१५ पासून आपल्या ख्रिस्तसभेत सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. नव्या हंगामाच्या होड्या तेव्हा समुद्रात गेलेल्या असतात. आपल्या तरुण मंडळांनी त्या दिवशी एक तबकडी रंगवून एखाद्या तांडेलाच्या हाती द्यावी आणि वर्षभराच्या नोंदींसाठी एक वही सोबत द्यावी. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, सूर्य, ढग आणि खोली लिहावी. त्या आकड्यांचा अर्थ आपल्याला आज कदाचित लागणार नाही. फादर सेक्की यांनाही आपल्या आकड्यांचा पुढे काय अर्थ लावला जाईल हे माहीत नव्हते. त्यांनी दोरी मोजली आणि आकडा खरा लिहिला.